लोंढेसिस्टरांचं चिनी पिस्तूल

लोंढेसिस्टरांना त्या चिनी पिस्तुलातून मिळून मिळून काय मिळणार होतं, याचा हिशेब मी खोकं उघडायच्या आधीच मांडला होता. जिल्ह्याचं नाव लिहिलेली एक टोपी. पुण्याचा जाऊन-येऊन प्रवास, वाटेत उंब्रजला वडा आणि चहा. आणि पन्नाशीपुढच्यांच्या मिश्र जोडीत डॉक्टर हुपरीकरांच्या शेजारी उभं राहायचा मान. शेजारी, मागं नव्हे. मागं उभं राहून, त्यांच्या हातात चिमटे-कात्र्या देत, सिस्टरांची सगळी नोकरी गेली होती. दुसऱ्या बाजूला फंडाच्या पैशातला एक मोठा घास आणि डॉक्टरांची नाराजी. उघड उघड तोट्याचा व्यवहार. मी भांड्यांचा दुकानदार; तोटा मला लांबून दिसतो.

"सिस्टर, एवढ्यात घरात चांगला फ्रीज आला असता," मी म्हणालो.

"फ्रीज आहे," सिस्टर खोक्याची चिकटपट्टी ओढत म्हणाल्या. "टोपी नाही."

मी भूपाल मगदूम, मिरजेच्या आमच्या रायफल क्लबाचा खजिनदार. जैन माणूस बंदुकांच्या क्लबात काय करतो, हे विचारून विचारून लोक दमले. आम्ही कागदाला मारतो आणि कागदाला जीव नसतो, एवढं माझं उत्तर ठरलेलं. क्लब म्हणजे तरी काय, मार्केट यार्डामागचं हळदीचं जुनं गोदाम. भिंती अजून पिवळ्या आहेत. हात टेकला की शर्टाला हळद लागते, आणि घरी गेल्यावर बायको विचारते, आज कुणाचं लग्न होतं?

खोक्यातून पिस्तूल निघालं. हवेचं पिस्तूल. खालच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा, वर नळी, ज्वारीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा. दहा मीटरवरचा कागद भोकायचा, बास. एका नावाजलेल्या जर्मन पिस्तुलाची चिन्यांनी केलेली ती हुबेहूब नक्कल होती. अस्सल जर्मन डॉक्टर हुपरीकरांकडे होतं. दोन्ही शेजारी ठेवली तर जुळ्या बहिणी. एकीच्या हातात सोन्याच्या बांगड्या, दुसरीच्या हातात एक ग्रॅमच्या.

डॉक्टर आले तेव्हा सिस्टर पिस्तूल दिव्याकडे धरून नळीतून बघत होत्या. डॉक्टर आमच्या क्लबाचे अध्यक्ष. हाडांचे सर्जन; निम्म्या सांगली जिल्ह्याचे गुडघे आणि पलीकडच्या कर्नाटकातले पाव खुबे त्यांच्या हाताखालून गेलेले.

"हे काय, सिस्टर?"

"पिस्तूल, सर."

डॉक्टरांनी आपली पेटी उघडून अस्सल जर्मन टेबलावर ठेवलं. "पिस्तूल हे. ते पिस्तुलाचं सोंग."

"सोंगाला नियम आड येतोय, म्हणून विचारते," सिस्टर म्हणाल्या.

नियम डॉक्टरांनीच केलेला. पूर्वी कधीतरी पुण्याच्या स्पर्धेत आमच्या एका गड्याचं नकली पिस्तूल ऐन वेळी फुस्स झालं आणि अख्खा संघ हात हलवत परत आला. तेव्हापासून नकली हत्यार जिल्ह्याच्या संघात चालणार नाही, असा ठराव. सिस्टर यंदा क्लबाच्या मोडक्या पिस्तुलानं सराव करून बायकांत पहिल्या आल्या होत्या. पण संघात जायचं तर पिस्तूल स्वतःचं लागतं, आणि अस्सल घ्यायचं तर सिस्टरांना राहतं घर विकावं लागलं असतं. त्या नाही गेल्या तर जागा जाणार होती बोरगावकर मॅडमना. त्यांच्याकडे अस्सल होतं, फक्त नेम नव्हता.

"सर, नकली म्हणजे काय धरायचं?"

"ज्याच्यावर भरवसा टाकता येत नाही ते."

"आणि टाकता आला तर?"

"कोण टाकणार? तुम्ही? आपल्या बाळाला कोण काळं म्हणतं?"

"मी नाही. तुम्ही. तुमच्या हातानं एक पुरी मॅच खेळून बघा. सगळ्यांसमोर."

डॉक्टर हसले. ते हसले की समोरच्याला ॲनेस्थेशिया दिल्यासारखं वाटतं. "ठीक आहे. संघाची यादी पाठवायच्या आधीच्या रविवारी. माझ्या हातात टिकलं, तर टोपी मी स्वतः घालीन तुमच्या डोक्यावर."

तेव्हा मला वाटलं, बाई फसली. परीक्षा द्यायची ती द्यायची आणि वर परीक्षक म्हणून विरोधी पक्षच निवडायचा?

त्यानंतर रोज दुपारी सिस्टर गोदामात. यार्डातली हमालमंडळी जेवून पोत्यांवर आडवी झालेली असायची आणि आत सिस्टर त्या पिस्तुलाचं पोट उघडून बसलेल्या. पांढऱ्या फडक्यावर एकेक स्क्रू ओळीनं मांडलेला, अगदी ऑपरेशनच्या ट्रेसारखा.

पहिलं काम मुठीचं. मूठ आली होती ती कुणा पैलवानाच्या पंजाची. सिस्टरांचा हात त्यात पाहुण्यासारखा बसायचा. त्यांनी लाकूड कानशीनं घासलं, मग त्यावर ओल्या प्लॅस्टरची पट्टी गुंडाळली, हाडाला घालतात तीच. आणि पट्टी वाळेपर्यंत मूठ आवळून गप्प बसल्या. बोटांचा ठसा उठला. त्या ठशाबरहुकूम नळाला लावतात ती पुट्टी भरली, पुन्हा घासली, वर पॉलिश.

डॉक्टरांनी एकदा डोकावून पाहिलं. "काय सिस्टर, फ्रॅक्चर आहे का?"

"साधं आहे सर. आठवड्यात चालायला लागेल."

मग ट्रिगर. नियम असा की ट्रिगर फार हलका नको. अर्धा किलोचं वजन त्याला टांगून उचललं तरी तो सुटता कामा नये. माझ्या दुकानातलं वजन सिस्टरांनी मागून नेलं, टाके घालायच्या रेशमानं ट्रिगरला बांधलं, आणि उचललं. पहिल्यांदा सुटला. स्क्रू पाव फेरा फिरवला. पुन्हा उचललं, धरला. "आता धरलास ना? मग उद्याही धर," असं त्या पिस्तुलाला दटावून म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा टांगलं.

चिनी मालाची खरी खोड त्याच्या रबरात. नळकांड्याच्या तोंडाशी रबराची बारीक कडी असते. ती सुकली की हवा हळूहळू निसटते आणि छर्रा दमल्यासारखा खाली जातो. सिस्टरांनी सगळ्या कड्या काढून टाकल्या, पुण्याहून चांगल्या मागवून बसवल्या, आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बघत बसल्या. एक बुडबुडा नाही.

शेवटी माझ्या दुकानातला वाइस मागितला. वाइस म्हणजे टेबलाला बोल्टनं आवळलेला लोखंडी जबडा. भांड्यांना ठोके घालताना मी वापरतो. त्यात रबर घालून पिस्तूल आवळलं, म्हणजे माणसाचा हात मधून गेला. मग जे काही कागदावर उठेल ते पिस्तुलाचं स्वतःचं अक्षर. दहा छर्रे सोडले. कागदावर भोक एकच, तुरीच्या दाण्याएवढं.

"झालं की, सिस्टर! पास!"

"कुठं झालं?"

आणि पिस्तूल, नळकांडं काढून, रात्रभर फ्रीजमध्ये. कोथिंबिरीशेजारी. सकाळी काढलं, वाइसात घातलं, भोक तेवढंच. मग दुपारी पत्र्याखाली तापवलं. मग हळदीची धूळ उडते तिथं उघडं ठेवलं. जेवढं छळलं तेवढं ते सरळ मारत गेलं. एवढं सोशिक हत्यार मी दुसरं पाहिलं नाही, आणि एवढी छळवादी बाईही.

"अहो, पोरीला स्थळ बघताना लोक एवढी चौकशी करत नाहीत," मी म्हणालो.

"म्हणून तर नंतर रडतात." स्क्रू आवळता आवळता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अण्णा, रविवारी काहीही झालं ना, तरी दोष पिस्तुलाचा आहे असं कुणाला म्हणताच आलं नाही पाहिजे. तुम्ही सगळं बघितलंय. ध्यानात ठेवा."

मला वाटलं, बाई आपली साक्षीदाराची सोय करतेय. टोपीचा सोस माणसाला काय काय करायला लावतो.

रविवारी गोदाम भरलं. भडंगाची मोठी पिशवी फुटली. डॉक्टरांचे दोन-तीन जुने पेशंटही आले होते; मिरजेत डॉक्टर शिंकले तरी बघायला माणसं जमतात. बोरगावकर मॅडम पुढच्या खुर्चीत, नवी पर्स मांडीवर घेऊन.

मूठ डॉक्टरांच्या पंजाला घट्ट होणार, म्हणून सिस्टरांनी न घासलेली दुसरी मूठ आधीच चढवून ठेवली होती. चिन्यांनी एक जादा दिली होती. पिस्तूल हातात देताना त्या नेहमीसारख्याच डॉक्टरांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या.

पहिले काही नेम झकास गेले. कुणीतरी "वा!" म्हणालं. मग भोकं एकमेकांपासून लांब सरकायला लागली. एक वर, एक डावीकडं, एक पार काळ्या वर्तुळाच्या बाहेर. पिस्तूल एकदाही अडकलं नाही, हवा एकदाही फुसकली नाही, तरी निम्म्या मॅचला कागदावर कांजण्या उठल्या होत्या. गोदामातली कुजबुज वाढली. डॉक्टरांनी पिस्तूल खाली ठेवलं.

"बघा. नेम एकीकडं, छर्रा एकीकडं. नळीच धड नाही. यावर जिल्ह्याची अब्रू कशी टाकायची?"

"चायनाचं काय खरं नाही," मागून कुणीतरी भडंग चावत म्हणालं.

माझं डोकंच फिरलं. वाइस माझ्या पायाशी पोत्यात होता. "थांबा! दोन मिनिटं थांबा, आत्ता सगळ्यांना दाखवतो," असं म्हणत मी वाकलो, आणि सिस्टरांनी माझं मनगट धरलं. पेशंट टेबलावरून उठायला लागला तर धरतात तसं.

"राहू दे, अण्णा."

"अहो, पण आपण—"

"सरांच्या हातात टिकलं पाहिजे, अशी शर्त होती. नाही टिकलं." मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सर, बोरगावकर मॅडमचं नाव लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. मॅडमनी पर्स उघडून रुमाल काढला आणि नसलेला घाम पुसला. मी सिस्टरांकडं बघतच राहिलो. इतके दिवस जिच्यासाठी पिस्तुलाला कोथिंबिरीशेजारी झोपवलं, ती टोपी त्यांनी एका वाक्यात सोडून दिली. नुसती सोडली नाही. दुसरीच्या डोक्यावर स्वतः घातली.

माणसं पांगल्यावर पांढऱ्या फडक्याची घडी घालत त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी गोदामाची किल्ली लागेल. वाइस इथंच ठेवा. सरांना मी घेऊन येते."

"आता कशाला? लग्न झाल्यावर घोडं?"

"किल्ली, अण्णा."

सोमवारी दुपारी डॉक्टर आले ते कुरकुरतच. "सिस्टर, उद्या माझी यादी आहे. दोन मोठी ऑपरेशनं. पिस्तुलाचा निकाल लागलाय, आता परत—"

"पाच मिनिटं, सर. अण्णा, वाइस आवळा."

मी आवळला. सिस्टरांनी त्यात चिनी पिस्तूल बसवलं. "तुम्ही धरायचं नाही सर. फक्त बोटानं दाबायचं."

डॉक्टरांनी दाबलं. पुन्हा दाबलं. दाबत गेले. मी जाऊन कागद काढून आणला. तुरीच्या दाण्याएवढं एक भोक.

डॉक्टरांनी कागद उजेडाकडं धरला. "वाइसात काय, कुठलंही पिस्तूल—"

"तुमचं लावा."

जर्मन लावलं. दहा छर्रे. भोक एकच, मुगाएवढं. तूर आणि मूग, एवढाच काय तो चीन आणि जर्मनीतला फरक.

"कालचा कागद," सिस्टर म्हणाल्या आणि कांजण्यांचा कागद त्या दोन्हींच्या शेजारी ठेवला. "पिस्तूल तेच. छर्रे त्याच डबीतले. प्रकाशही हाच. आज वाइसात फक्त एक गोष्ट नव्हती, सर."

मी दाराकडं सरकलो होतो. बाहेर जावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. डॉक्टरांनी उजवा हात उचलून समोर धरला, पिस्तूल धरल्यासारखा. मीही पाहिलं. बोटांच्या टोकांशी काहीतरी थरथरत होतं. फार नाही, झाकलेल्या भांड्यात दूध उकळायला आलं की झाकण हलतं तेवढं. त्यांनी हात खाली घेतला.



"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"उगारच्या त्या मुलाचा खुबा केलात तेव्हापासून."

"दीड वर्ष? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले की. टाका तिरका जातोय म्हणाले. तुम्ही म्हणालात सुई बोथट आहे. मी सुई बदलली. मग म्हणालात सुई धरायचा होल्डर ढिला आहे. होल्डर बदलला. मग टेबलावरचा दिवा बदलला. मग माझीच रिटायरमेंट आली आणि मी बदलले." सिस्टरांनी वाइसातलं पिस्तूल सोडवलं. "इथं आले तर इथंही तेच. छर्रे वाईट, प्रकाश वाईट. तेव्हा म्हटलं, ज्याला नावच ठेवता येणार नाही असं एक हत्यार तयार करावं. मग बघू सर काय बदलायला सांगतात."

डॉक्टर खाली बसले. क्लबाच्या पत्र्याच्या खुर्चीवर, बोरगावकर मॅडम बसल्या होत्या तिथं. मला वाटलं आता ओरडणार. ते हसले. पण नेहमीचं ते भूल देणारं हसू नव्हतं.

"शिकाऊ पोरांच्या हातून टाका बिघडला की मी काय म्हणायचो, सिस्टर?"

"नाचता येईना अंगण वाकडं."

"हं." ते तीन कागदांकडं बघत होते. "काल का नाही दाखवलंत हे? मगदूम वाइस काढतच होते. टोपी तुमची होती."

"काल समोर तुमचे पेशंट बसले होते, भडंग खात. आणि काल तुम्ही ऐकलं नसतं. माझ्याशी भांडला असता. आणि भांडणाच्या भरात, बघाच माझा हात कसा स्थिर आहे म्हणून, उद्या टेबलाशी उभे राहिला असता." सिस्टरांचा आवाज पहिल्यांदा थोडा खाली आला. "उद्या कोण आहेत?"

"आरगच्या एकाचा मणका. बेडगच्या म्हातारीचा गुडघा."

"मणका," सिस्टर म्हणाल्या. एवढंच.

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. मी बाहेर पडलो, पण पत्र्याच्या दाराला कान नसतात, फटी असतात. त्यांनी कोल्हापुरातल्या एका नव्या सर्जनला फोन करून दोन्ही ऑपरेशनं त्याच्याकडं सोपवली. त्याला परवापर्यंत सवड नव्हती. तर परवा, म्हणाले. पुढची सगळी यादीही त्याच्याचकडं. कारण त्यानं विचारलं असावं. डॉक्टर म्हणाले, "माझं हत्यार बिघडलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "नाही. हात बिघडलाय. हात कापतो माझा." असं स्वतःच्या तोंडानं, नव्या पोराला, पहिल्याच फोनवर. मी त्या माणसाच्या शिष्टपणाची आयुष्यभर टिंगल केली. त्या एका वाक्याला मात्र मी हात जोडतो.

जाताना ते सिस्टरांना म्हणाले, "येत्या रविवारी सगळ्यांना सांगतो, पिस्तूल अस्सल निघालं म्हणून."

"मग लोक विचारतील, नकली काय निघालं. आधी तुम्ही तुमच्या तोंडानं, तुमच्या सवडीनं निवृत्ती जाहीर करा. पिस्तुलाला घाई नाही."

गोदामाला कुलूप घालताना मला राहवलं नाही. "सिस्टर, खरं सांगा. टोपी नकोच होती ना तुम्हाला? सगळं यासाठीच?"

"कोण म्हणतं नको होती?" त्या एकदम चिडल्या. "मी काय साध्वी आहे? दोन्ही पाहिजे होतं. सर आपल्या पायानं शहाणे होतील आणि मला टोपी मिळेल, असा देवाला दोन्ही हातांनी मागितलेला नवस होता. त्यानं एकच हात भरला." आणि पिस्तुलाची पेटी काखेत मारून तरातरा रिक्षाकडं गेल्या. रिक्षात बसताना डोळे पुसलेले मी पाहिले. हळदीची धूळ म्हणावी, तर त्या दिवशी यार्ड बंद होतं.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कुणी किती भरलं, ते आज डोकं थंड ठेवून मांडता येतं. चिनी पिस्तुलानं आपलं नाव भरलं. वर्षभर सगळे त्याला कुचकामी म्हणत राहिले, मग डॉक्टरांनी कारण न देता तो ठराव रद्द केला. पुढं नर्सिंगच्या कितीतरी पोरी त्याच पिस्तुलावर नेम धरायला शिकल्या. सिस्टरांनी आपली जागा भरली. नंतरच्या वर्षी ठराव गेला होता, पण तोवर डोळ्यात मोतीबिंदू आला होता. बोरगावकर मॅडम पुण्याला जाऊन तळातून दुसऱ्या आल्या; त्यांनी काही भरलं असं मी धरत नाही. डॉक्टरांनी आपला हात भरला. चाळीस वर्षांचा उजवा हात एका दुपारी टेबलावर ठेवून ते उठले, आणि नंतर कधी त्याचं नाव काढलं नाही.

राहिली आरगचा तो मणकेवाला आणि बेडगची म्हातारी. दोघंही पुढं ताठ चालत घरी गेली. त्यांनी काय भरलं? काही नाही. उलट ऑपरेशन पुढं ढकललं म्हणून आरगवाल्यानं दवाखान्याच्या काउंटरवर हे एवढं भांडण काढलं: डॉक्टरांना कामाचा कंटाळा आलाय, गरिबाची कुणाला किंमत नाही, आणि आम्हा चार माणसांचं इथलं जादा दिवसाचं जेवण कोण भरणार? मी तिथंच उभा होतो, दुकानातून मागवलेले डबे पोचवायला. डॉक्टर आतून आले, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि डाव्या हातानं पाकीट काढून त्या चौघांच्या जेवणाचे पैसे भरले.